महारोहिणी : तिचा विस्फार व तिचे विदारण

इ. स. १७६० च्या ऑक्टोबर महिन्यात इकडे यमुनेच्या तीरी सदाशिवरावभाऊंची फौज व अब्दालीची फौज एकमेकींच्या हालचालींवर डोळा ठेवून होत्या. त्याच महिन्याच्या २५ तारखेस तिकडे लंडन शहरी केन्सिंग्टनच्या राजवाड्यात इंग्लंडचे राजे दुसरे जॉर्ज हे नित्याप्रमाणे सकाळी लवकर उठले, त्यांनी आपला चॉकलेटचा पेला घेतला व ते शौचाच्या खोलीत गेले. थोड्याच वेळाने बाहेर उभ्या असलेल्या सेवकास आत काही जड वस्तू पडल्याचा आवाज आला. तो धावत जाऊन पाहतो तो महाराज जमिनीवर पडलेले! त्यांचे वय त्या वेळी ७६ वर्षांचे होते. वैद्य आले, परंतु करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

राजदेह सुगंधी द्रव्ये भरून ठेवण्यासाठी उघडावयाचा, अशी त्या घराण्याची रीत होती. हे काम फ्रँक निकोल्स नावाच्या राजवैद्याकडे आले. निकोल्स यांनी जे पाहिले ते त्यांनी मोठ्या काटेकोरपणे लिहून ठेवले, आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्धही झाले. हृदयाभोवती जी पातळ पिशवी असते ती साकळलेल्या रक्ताने तट्ट फुगलेली होती. त्या रक्ताच्या भाराखाली हृदयास आकुंचन पावणेच अशक्य झाले होते. हृदयातून निघणारी जी मुख्य रक्तवाहिनी, तिच्या आतल्या अंगास सुमारे दीड इंच लांबीची एक आडवी चीर पडलेली होती, आणि त्या चिरेतून रक्त वाहिनीच्या बाहेरच्या पदराखाली शिरले होते. ज्या व्याधीचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे तिचे हे वैद्यकाच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या स्पष्ट वर्णनांपैकी एक होय. राजा सिंहासनावरून पायउतार झाला तो अशा रीतीने आणि अशा जागी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. परंतु कुंथण्याच्या श्रमाने रक्ताचा दाब क्षणभर एकदम चढतो हे ध्यानी घेतले म्हणजे त्या जागेतही काही नवल वाटावयास नको.

ही मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. डॉक्टर मंडळी तिला ॲओर्टा म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून ती वर निघते, छातीत छत्रीच्या मुठीसारखे वळण घेते, पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते आणि पोटात बेंबीच्या सुमारास दोन पायांसाठी दोन शाखांत दुभंगते. मेंदूला, हातांना, आतड्यांना, मूत्रपिंडांना, किंबहुना स्वतः हृदयालाही रक्त पोचवणाऱ्या साऱ्या वाहिन्या तिच्यातूनच फुटलेल्या असतात. उगमापाशी तिची रुंदी सुमारे तीन सेंटिमीटर व पोटात सुमारे दोन सेंटिमीटर असते. विसावलेल्या मनुष्याच्या हृदयातून दर मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त तिच्यात ढकलले जाते, आणि हा धक्का तिला एका दिवसात सुमारे एक लाख वेळा सोसावा लागतो. सत्तर वर्षांत असे किती धक्के होतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

इतका मार खाऊन ती टिकते कशी, हे तिच्या बांधणीवरून कळते. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला पदर अगदी तलम व गुळगुळीत. बाहेरचा चिवट. या दोहोंमधला पदर हा खरा कामाचा. त्यात स्थितिस्थापक तंतूंच्या पापुद्र्यावर पापुद्रे रचलेले असतात, म्हणून प्रत्येक ठोक्याला ती किंचित फुगते व पुन्हा मूळ रूपावर येते. या मधल्या पदराची झीज झाली म्हणजे दोन प्रकारचे अनर्थ संभवतात, आणि ते दोन्ही एकच समजण्याची चूक पुष्कळांकडून होते.

पहिला अनर्थ म्हणजे विस्फार. सायकलच्या ट्यूबचे रबर एखाद्या ठिकाणी जीर्ण झाले म्हणजे तेथे जसा फुगा येतो तसा महारोहिणीला येतो. यालाच ॲन्युरिझम म्हणतात. पोटातील महारोहिणी तीन सेंटिमीटर किंवा अधिक रुंद झाली की तिला विस्फार झाला असे धरतात. हा फुगा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, आणि बहुधा तो मनुष्यास यत्किंचितही त्रास देत नाही. हाच त्याचा कपटीपणा. दुसरा अनर्थ म्हणजे विदारण. यात आतल्या पदराला अकस्मात चीर पडते, दाबाखालील रक्त त्या चिरेतून मधल्या पदरात घुसते, आणि चादरीच्या दोन थरांमध्ये हात घालून ते उसवत जावे तसे ते भिंतीचे पदर विलग करीत पुढे सरकते. मग एका वाहिनीच्या जागी दोन मार्ग होतात, एक खरा व एक खोटा. स्टेथॉस्कोपचे जनक लेनेक यांनी १८१९ मध्ये या प्रकाराला 'पदर सोडविणारा विस्फार' अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. परंतु ते थोडे फसवे आहे, कारण विदारण होण्यास आधी विस्फार असावाच लागतो असे नाही. विस्फार हा वर्षांच्या मापाने चालणारा रोग, तर विदारण हा घटकांच्या मापाने चालणारा.

फुगा जितका मोठा तितका तो अधिक वेगाने फुटण्याच्या पंथास लागतो, याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. नळीच्या भिंतीवर पडणारा ताण हा आतील दाब व नळीची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, असा लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा नियम आहे. म्हणजे दाब तोच राहिला तरी त्रिज्या दुप्पट होताच ताण दुप्पट होतो, आणि वर भिंत पातळ झालेली असते ती वेगळीच.

पोटातील विस्फाराची सर्वांत प्रसिद्ध कहाणी आल्बर्ट आइन्स्टाइन यांची आहे. १९४८ च्या डिसेंबरात पोटदुखीमुळे ब्रुकलिन येथील रुग्णालयात त्यांचे पोट उघडण्यात आले. शस्त्रवैद्य होते रुडोल्फ निसेन. त्यांना आत पोटातील महारोहिणीचा पपनसाएवढा विस्फार आढळला. तो कापून काढून त्या जागी दुसरी वाहिनी बसविण्याची विद्या त्या काळी नव्हती. त्याआधीच्या शतकात शस्त्रवैद्यांनी नाना उपाय करून पाहिले होते. १८१७ मध्ये लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी महारोहिणीच बांधून टाकली, तो रोगी दोन दिवसही जगला नाही. १८६४ मध्ये मूर नावाच्या शस्त्रवैद्याने विस्फाराच्या पोकळीत कित्येक यार्ड लोखंडी तार सोडली, हेतू हा की तारेभोवती रक्त गोठून पोकळी भरून यावी. निसेन यांनी वेगळाच मार्ग धरला. मिठाईच्या पुड्यांना ज्या चकचकीत सेलोफेनचे वेष्टण असते तेच त्यांनी विस्फाराच्या दर्शनी भागाभोवती लपेटले. हे परके द्रव्य शरीरास बोचत राहते, त्यामुळे भोवती कठीण तंतुमय आवरण तयार होते, आणि भिंतीला जणू टेकू मिळतो. आज हा उपाय कोणी करीत नाही. तथापि त्याने आइन्स्टाइन यांना सहा वर्षांहून अधिक आयुष्य लाभले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

१९५५ च्या एप्रिल महिन्यात विस्फाराने गळावयास आरंभ केला. तोपर्यंत जग बदलले होते. पॅरिस येथे शार्ल द्यूबो यांनी २९ मार्च १९५१ रोजी पोटातील विस्फार समूळ काढून त्या जागी मृत मनुष्याच्या देहातील रोहिणीचा तुकडा शिवला होता, आणि न्यूयॉर्कहून बोलाविलेल्या फ्रँक ग्लेन या शस्त्रवैद्याने तसेच काही करण्याची तयारी दर्शविली होती. आइन्स्टाइन यांनी नकार दिला. कृत्रिम रीतीने आयुष्य लांबविण्यात त्यांना गोडी वाटेना. १८ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर प्रिन्स्टन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचेही वय ७६ च होते. त्या काळी अशा शस्त्रक्रियेतील धोका फार मोठा होता, हे लक्षात घेता त्यांच्या निर्णयास अविचार म्हणता येणार नाही. एक तपशील मात्र वैद्यांनी जपून ठेवला आहे. त्यांच्या दुखण्याची तऱ्हा पित्ताशयाच्या दुखण्यासारखी होती. महारोहिणी ही अशीच बहुरूपी आहे. पोटातील विस्फार गळू लागला म्हणजे पाठीत व कुशीत कळ येते, आणि ती मूतखड्याची समजली जाते. साठी उलटलेल्या धूम्रपानी पुरुषास आयुष्यात प्रथमच 'मूतखड्याची कळ' आली, तर आधी महारोहिणीचा संशय घ्यावा, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविले जाते ते याचमुळे.

हा विस्फार आधी ओळखणे आज विलक्षण सोपे झाले आहे. पोटाची साधी सोनोग्राफी करावी, काम झाले. त्यास दहा मिनिटेही लागत नाहीत, सुई टोचावी लागत नाही, दुखत नाही. प्रश्न इतकाच की ती कोणाची करावी. हा रोग मुख्यतः उतारवयातील पुरुषांचा, व त्यातही धूम्रपान करणाऱ्यांचा. विडी असो वा सिगारेट, महारोहिणीस त्यात भेद कळत नाही. पोटातील विस्फाराच्या सर्व टाळण्याजोग्या कारणांत तंबाखूचा धूर हे पहिले कारण होय. त्याखेरीज रक्तदाब, आणि बाप वा भाऊ यांस हा रोग झालेला असणे. इंग्लंडात सुमारे ६८,००० पुरुषांची दोन गटांत वाटणी करून एक मोठी चाचणी झाली. एका गटास सोनोग्राफीचे निमंत्रण दिले, दुसऱ्यास दिले नाही. २००२ मध्ये तिचे फळ प्रसिद्ध झाले. निमंत्रण मिळालेल्या गटात चार वर्षांत विस्फारामुळे होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यानंतर २००९ पासून टप्प्याटप्प्याने इंग्लंडातील प्रत्येक पुरुषास पासष्टाव्या वर्षी एकदा या तपासणीचे पत्र घरी पाठविण्याची प्रथा पडली.

विस्फार सापडला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे मात्र नव्हे. येथे घरच्यांची फार घालमेल होते. 'पोटात बाँब आहे आणि डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी या!' असे उद्गार कोणीही काढील. परंतु १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत असे दिसून आले की, विस्फार साडेपाच सेंटिमीटरांहून लहान असता घाईने शस्त्रक्रिया केल्यास रोग्यांचे आयुष्य वाढत नाही. शस्त्रक्रियेचा धोका व फुटण्याचा धोका यांची वजाबाकी शून्यावर येते. म्हणून पुरुषांत साडेपाच व स्त्रियांत पाच सेंटिमीटर ही सर्वसाधारण सीमा ठरली. स्त्रियांची वाहिनी मुळात अरुंद असते, आणि त्यांचा विस्फार लहान आकारातही फुटतो. तोवर ठरावीक काळाने मोजमाप करीत राहावयाचे, धूम्रपान सोडावयाचे, रक्तदाब काबूत ठेवावयाचा. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये आणखी एक सावधगिरीची सूचना दिली आहे : सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या वर्गातील औषध आहे त्या वर्गाची जंतुनाशके विस्फार असलेल्यांस शक्यतो देऊ नयेत. जुलाबाच्या वा लघवीच्या तक्रारीवर शेजारच्या दुकानातून ही गोळी आणून घेणाऱ्या घरांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर आज दोन वाटा आहेत. एक पोट उघडून विस्फाराच्या जागी कृत्रिम धाग्याची नळी शिवण्याची. दुसरी वाट अधिक नवलाची. जांघेतील रोहिणीतून घडी घातलेली नळी आत सरकवीत न्यावयाची व विस्फाराच्या पोकळीत ती उलगडावयाची, म्हणजे रक्त नळीतून वाहू लागते आणि फुग्याच्या भिंतीवरील दाब उतरतो. छातीतील महारोहिणीवर हा प्रयोग १९८७ मध्ये खार्किव येथे निकोलाय वोलोदोस यांनी केला, आणि पोटातील विस्फारावर १९९० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे हुआन पारोदी यांनी. यात रोगी दोनतीन दिवसांत घरी जातो. परंतु नळीच्या कडेने रक्त झिरपत नाही ना, हे त्यास जन्मभर तपासून घ्यावे लागते. उघड्या शस्त्रक्रियेत आरंभीचे कष्ट अधिक, पुढची कटकट कमी. कोणती वाट कोणास, हे वय, प्रकृती व विस्फाराची ठेवण पाहून ठरते.

आता विदारणाकडे वळावयाचे. येथे वाट पाहण्यास अवकाश नाही.

१९९६ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे जोनाथन लार्सन नावाचा एक पस्तीस वर्षांचा संगीत-नाटककार आपल्या 'रेंट' या नाटकाच्या तयारीत गढलेला होता. छातीत कळ आली म्हणून त्यास एका रुग्णालयात नेले. तेथे अन्नातून विषबाधा झाली असावी असे निदान झाले. दोन दिवसांनी तो दुसऱ्या रुग्णालयात गेला. तेथे विषाणूजन्य ताप ठरला. दोन्ही ठिकाणी छातीचे क्ष-किरण चित्र व हृदयाचा आलेख काढण्यात आला होता, दोन्ही ठिकाणांहून त्यास घरी पाठविण्यात आले. २५ जानेवारीच्या पहाटे तो आपल्या स्वयंपाकघरात मृत आढळला. त्याच रात्री नाटकाचा पहिला खेळ प्रेक्षकांपुढे व्हावयाचा होता. ते नाटक पुढे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर बारा वर्षे चालले, आणि त्याच्या कर्त्यास ते यश पाहावयास मिळाले नाही.

डॉक्टरांकडून अशी चूक का व्हावी? त्यांची बाजूही समजून घेणे न्याय्य आहे. छातीत कळ घेऊन येणाऱ्या शेकडो मनुष्यांत विदारणाचा एखादाच असतो. बाकीच्यांस हृदयविकार, पित्त, स्नायूंचे दुखणे असे काही असते. हृदयाचा आलेख विदारणात पुष्कळदा निर्दोष निघतो. क्ष-किरण चित्रात छातीचा मध्यभाग रुंदावलेला दिसावा अशी अपेक्षा, परंतु बऱ्याच रोग्यांत तेही चित्र साफ असते. म्हणून या रोगाच्या निदानात यंत्रापूर्वी कान हवा. कळ आली कशी, हे रोग्याच्या तोंडून शब्दशः ऐकले पाहिजे. हृदयविकाराची वेदना बहुधा चढत जाते, आवळल्यासारखी असते. विदारणाची कळ पहिल्याच क्षणी परमावधीस पोचलेली असते. आत काही फाटले, कोणी सुरा खुपसला, अशी भाषा रोगी वापरतो, आणि घड्याळात किती वाजले होते हेही पुष्कळदा सांगू शकतो. ती छातीत उठते व पाठीत दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये उतरते, कधी तेथून पोटात जाते. कळीबरोबर घेरी येणे, एक हात वा पाय लुळा पडणे, वाचा जाणे ही चिन्हे दिसली तर संशय दृढ व्हावा. कारण विदारण जसजसे सरकते तसतशी ते वाटेतील शाखांची तोंडे बंद करीत जाते.

तपासणाऱ्याने दोन्ही हातांच्या नाड्या एकाच वेळी पाहाव्यात, दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजावा. दोहोंत वीस अंशांहून अधिक अंतर असल्यास ती मोठी खूण होय. हृदयावर नळी ठेवली असता झडप गळत असल्याचा नवा ध्वनी ऐकू येतो का, तेही पाहावे. या साध्या, बिनखर्ची तपासण्या. पण गर्दीच्या वेळी प्रथम त्याच गाळल्या जातात. संशय थोडा असल्यास डी-डायमर नावाची रक्ताची तपासणी उपयोगी पडते. ती निर्दोष आली तर विदारण बहुतांशी नाही असे धरता येते. संशय दाट असल्यास मात्र तिच्यासाठी थांबू नये. शिरेत रंगद्रव्य सोडून छाती व पोट यांचा सीटी स्कॅन करावा. त्यात ती खरी व खोटी वाट आणि त्यांमधील फडफडणारा पडदा स्पष्ट दिसतो. रोगी हलविण्याजोगा नसेल तर अन्ननलिकेत ध्वनिलहरींची नळी उतरवून तेच पाहता येते.

निदान चुकण्याचा धोका दुहेरी आहे. एक तर वेळ जातो. हृदयालगतच्या विदारणात शस्त्रक्रिया न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासास शंभरातील एक ते दोन रोगी दगावतात असा जुना हिशेब होता. अलीकडील आंतरराष्ट्रीय नोंदीत तो सुमारे अर्ध्या टक्क्यावर आला आहे, तरी तोही काही थोडा नव्हे. दुसरा धोका असा की, हृदयविकार समजून गुठळी विरघळविणारे औषध टोचले गेले, तर तारणारे तेच औषध मारक ठरते.

उपचाराचा पहिला भाग शस्त्राचा नसून औषधाचा आहे. १९६५ मध्ये मायरन व्हीट यांनी असे प्रतिपादिले की, भिंत फाडीत नेणारी शक्ती म्हणजे दाब व प्रत्येक ठोक्याचा झटका या दोहोंची मिळून होते. तेव्हा दोन्ही मंदावली पाहिजेत. म्हणून प्रथम वेदना शमवितात, नंतर बीटा-ब्लॉकर वर्गाचे औषध शिरेतून देऊन नाडी मिनिटास साठीच्या आत आणतात, आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान ठेवतात. क्रम महत्त्वाचा आहे. नाडी मंदावण्याआधीच नुसत्या वाहिन्या सैल केल्या तर हृदय अधिक जोराने धावू लागते व व्हावयाचा तो अनर्थ लवकर होतो.

पुढचा मार्ग चीर कोठे आहे यावर अवलंबून असतो. स्टॅनफर्ड येथील शस्त्रवैद्यांनी १९७० मध्ये याचे सुटसुटीत दोन वर्ग केले. हृदयातून वर चढणारा भाग विदीर्ण झाला असेल तर 'ए' वर्ग. तेथे तातडीची शस्त्रक्रिया हाच राजमार्ग, कारण रक्त हृदयाच्या पिशवीत उतरले की दुसऱ्या जॉर्ज राजांचे झाले तेच व्हावयाचे. चढता भाग निर्दोष असेल तर 'बी' वर्ग. तेथे बहुधा औषधांवर भागते, आणि आतडे, मूत्रपिंड वा पाय यांचा रक्तपुरवठा तुटू लागला किंवा फुटण्याचा रंग दिसला तरच जांघेतून नळी बसवितात. 'ए' वर्गातील शस्त्रक्रियेचे धाडस थोडक्यात असे : रोग्याचा देह यंत्राच्या साह्याने वीस अंशांच्या आसपास थंड करावयाचा, मग काही काळ रक्ताभिसरणच थांबवावयाचे, आणि त्या निःशब्द अवधीत फाटलेला भाग काढून कृत्रिम नळी शिवावयाची.

ही नळी ज्यांच्या नावाशी जोडली गेली आहे ते ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी. १९५० नंतरच्या काही वर्षांत डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर स्वतः शिवून पाहिल्या होत्या. कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यावयास गेले असता ते संपले होते, म्हणून त्यांनी डेक्रॉन आणले, असे ते सांगत. विदारणावरील शस्त्रक्रियेचे ते आद्य आचार्य. त्याचे पहिले वर्गीकरणही त्यांचेच. ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, घरी एकटेच व्याख्यानाची तयारी करीत बसले असता त्यांच्या छातीत व खांद्यांच्या फऱ्यांमध्ये विलक्षण कळ उठली आणि मानेकडे गेली. ज्याने हजारो रोग्यांच्या तोंडून हे वर्णन ऐकले त्याला ती ओळखू न येईल कशी? तथापि त्यांनी कोणास बोलाविले नाही. पुढे ते म्हणाले ते असे की, आता हृदय थांबेल व सारे संपेल, असे त्यांना वाटले होते.

ते थांबले नाही. स्कॅन झाला, 'ए' वर्गाचे विदारण निघाले, आणि त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. या वयात पंगू होऊन जगण्याचे त्यांना भय होते. सहा जानेवारीस तर त्यांनी ठरलेले व्याख्यानही दिले! ३ जानेवारीस ५.२ सेंटिमीटर असलेली महारोहिणी महिनाअखेर ६.६ झाली, ९ फेब्रुवारीस ७.५. तोवर त्यांची शुद्ध हरपत चालली होती. शिष्य जॉर्ज नून शस्त्रक्रिया करावयास सिद्ध होते. परंतु रुग्णालयातील भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नकार दिला. रोग्याने पूर्वी नको म्हटले आहे, वय ९७ आहे, तो मेजावरच जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. रात्री नीतिविषयक समितीची बैठक भरली. चर्चा लांबू लागली तेव्हा डीबेकींच्या पत्नी कॅट्रिन या बैठकीत थेट शिरल्या आणि विलंबाने आपला पती मरत आहे असे त्यांनी बजावले. संमती मिळाली. बाहेरून भूलतज्ज्ञ आणण्यात आला, व सुमारे सात तास शस्त्रक्रिया चालली. नून यांनी गुरूच्या छातीत शिवली ती डेक्रॉनचीच नळी.

रोग्याने शुद्धीत असता दिलेला नकार त्याच्या बेशुद्धीत मोडावा काय, या प्रश्नावर वैद्यकीय वर्तुळात पुढे पुष्कळ वाद झाला. समितीची शंका निराधार होती असे म्हणता येत नाही, आणि कॅट्रिन यांची चूक झाली असेही म्हणवत नाही. खुद्द डीबेकी बरे झाल्यावर म्हणाले की, झाले ते चांगले झाले. ते पुन्हा कामावर येऊ लागले, आणि ११ जुलै २००८ रोजी, शंभरीस दोन महिने उणे असता, वारले. तोवर इतक्या वयात ही शस्त्रक्रिया होऊन जगलेला रोगी कोणाच्या पाहण्यात नव्हता.

राहता राहिला तरुणांचा प्रश्न. लार्सन पस्तिशीचा होता. अमेरिकेची विख्यात व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन ही १९८६ च्या २४ जानेवारीस जपानात सामना चालू असता कोसळली. तिचे वय ३१. सहा फूट पाच इंच उंची, लांब हात, लांब बोटे, जो बांधा तिच्या खेळाचे बळ होता तोच मार्फान विकाराचे लक्षण होता, आणि ते कोणी ओळखले नव्हते. फ्रेंच बालवैद्य मार्फान यांनी १८९६ मध्ये वर्णिलेला हा विकार आनुवंशिक आहे; यात मधल्या पदराचे तंतूच मुळात अशक्त विणलेले असतात. ज्यांच्या हृदयातील महारोहिणीच्या झडपेस तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात (शंभरात एखाद-दुसऱ्याच्या असतात) त्यांनाही हा धोका अधिक. हिंदुस्थानात याखेरीज ताकायासु नावाचा रोहिणीदाहही तरुण स्त्रियांत आढळतो. अशा स्त्रीने गर्भधारणेपूर्वी महारोहिणीची रुंदी मोजून घ्यावी. गरोदरपणाच्या अखेरीस व बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मार्फानच्या स्त्रियांत विदारणाचा संभव विशेष असतो.

घरात कोणास विदारण झाले, वा कोणी तरुणपणी 'अचानक गेला' आणि कारण महारोहिणीचे निघाले, तर त्याचे सख्खे भाऊबहीण, आईबाप व मुले यांनी हृदयाची ध्वनिलहरी-तपासणी, म्हणजे ज्याला इकोकार्डिओग्राफी म्हणतात ती, करून घ्यावी. फ्लो हायमनच्या मृत्यूनंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच विकार निघाला, आणि वेळीच शस्त्रक्रिया होऊन तो वाचला. अमेरिकन नट जॉन रिटर हे ११ सप्टेंबर २००३ रोजी विदारणाने गेले, त्यांनाही प्रथम हृदयविकाराचेच उपचार झाले होते. पुढे त्यांचे बंधू टॉम यांच्या छातीत विस्फार सापडला व तो दुरुस्त करण्यात आला.